पुरुषांच्या खोलीतला फोन

रविवारी चर्चहून परतल्यावर म्रिकाने चुलीवर कॉफी ठेवली. तिची सून प्रेना तबक पुसून तयार उभी होती. आज म्रिकाच्या मुलाचा, झेफचा फोन यायचा होता. झेफ परदेशी, ग्रीसमधल्या अथेन्सला इमारतींना गिलावा करतो. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातले चाळीस दिवस तेवढे तो घरी राहिला.

घरातला एकमेव मोबाइल फोन पुरुषांच्या खोलीत असतो आणि झेफ बोलतो ते बापाशी. जमलेल्या भाऊबंदांनाही ऐकू जावं म्हणून बाप ग्योक स्पीकर चालू ठेवतो. बापासमोर मुलाने बायकोचं नाव काढणं आमच्या डोंगरातल्या घरांत निर्लज्जपणाचं समजतात. प्रेना कॉफी देते आणि पोटावर हात बांधून दाराशी उभी राहते. सुनेने तिथे बसायचं नसतं, बोलायचं नसतं. नवऱ्याचा आवाज कानावर पडतो, तेवढाच तिचा संसार.

बर्फ वितळल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. झोप नव्हती. केसांचे पुंजके हातात यायचे. म्रिका तिला खालच्या गावातल्या नर्सकडे घेऊन गेली. नर्सने रक्त, छाती सगळं तपासलं आणि मग म्रिकालाच विचारलं, हिच्याशी घरात बोलतं कोण? मी बोलते की, म्रिका म्हणाली. काय बोलता? म्रिका आठवू लागली. पाणी आण. लाकडं आण. ऊठ.

"गोळ्या देते मी," नर्स म्हणाली, "पण ही पोर मायेच्या शब्दावाचून सुकत चाललीय, आजी. तो माझ्या कपाटात नाही."

फोन वाजला. खोलीत ग्योक, त्याचे दोन चुलतभाऊ आणि राकी दारूचे पेले. झेफने बापाचा गुडघा विचारला, पडलेलं कुंपण विचारलं. मग लारा गायीची पोटफुगी उतरली का, तेही विचारलं.

ग्योकने सांगितलं, तेल पाजलं, आता चांगली खाते.

"जपा तिला, बाबा. मुकं जनावर ते, सांगणार कोणाला?"

"पोरगं मायाळू आहे हो," एक चुलतभाऊ चीजचा तुकडा चघळत म्हणाला आणि तिघे हसले.

राकीचा आंबूस वास, दाढीत अडकलेलं चीज, कमरेचे सैल सोडलेले पट्टे, सगळ्याची दाराआड उभ्या म्रिकाला शिसारी आली. चाळीस वर्षं तिला स्वतःला 'ए' याखेरीज हाक मिळाली नव्हती. आणि या पोरीला पोटावर हात बांधून उभं राहायला तिनेच शिकवलं होतं. सर्वांत जास्त किळस तिला स्वतःची आली.

ती पुरुषांच्या खोलीत गेली आणि तिने फोन हातात घेतला.

"झेफ, गायीचं झालं. आता प्रेनाला विचार."

पलीकडून दबका आवाज आला, "आई, लोक बसलेत ना?"

"बसलेत. तुझी बायको उभी आहे."

फोन बंद झाला.

"लाज विकून खाल्लीस काय म्हातारे? ठेव तो खाली," ग्योक म्हणाला. ग्रीसचं वारं पोराच्या आधी आईलाच लागलं, असं एक चुलतभाऊ म्हणाला. म्रिकाने पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही. तिने परत लावला. चौथ्या वेळी झेफने उचलला.

"प्रेना," तो चोरासारखा बोलला, "जेवतेस ना गं?"

त्या खोलीत प्रेनाने आजवर तोंड उघडलं नव्हतं. आवाज घोगरा निघाला.

"नाही. घशाखाली उतरत नाही."

आणि ती मटकन खाली, पुरुषांच्या गालिच्यावर बसली. चुलतभाऊ उठले. एक जण जाता जाता उंबऱ्यावर थुंकला.

म्रिकाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. नवऱ्याने 'जेवलीस का' एवढं विचारावं म्हणून एक धडधाकट मुलगी अर्धी झाली होती, आणि घरातले सगळे याला अब्रू म्हणत होते.

"फोन आजपासून स्वयंपाकघरात राहील," ती नवऱ्याला म्हणाली. "मुलाशी बोलायचं असेल तर तिकडे या. पण हिचं झाल्यावर."

तिने प्रेनाला उठवून स्वयंपाकघरात नेलं, चालू फोन तिच्या हाती दिला आणि स्वतः बाहेर येऊन दार लावून घेतलं. आत प्रेना रडत, अडखळत बोलत होती. ग्योक दोनदा दाराशी आला. म्रिका उंबऱ्यात बसून राहिली, तिने वाट दिली नाही.