पंपाची लाल चिंधी

बायको, भागिरथी, गेल्याचं रंभाजीला कळलं ते दुपारी दोन वाजता, उसाच्या सरीत. मोबाईल बांधावरच्या पिशवीत होता आणि पाठीवर तणनाशकाचा पंप. शेजारचा भिमाजी मोटारसायकल बांधाला लावून चालत आला आणि म्हणाला, "पंप उतर आधी."

"अर्धा राहिलाय. मारून येतो," रंभाजी म्हणाला.

भिमाजी नुसता उभा राहिला. त्याच्या तशा उभं राहण्यावरूनच रंभाजीला कळलं.

ती अंगणातल्या चेरीखाली बसली होती. हातात जुना टूथब्रश, पुढ्यात तांब्याभर साबणाचं पाणी. फांदीवरची पिठ्याची पांढरी कीड घासून काढता काढता एका कुशीवर कलंडली. भिमाजीच्या घरच्यांनी गाडी आणली, पण दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं आटोपलं होतं.

रंभाजी वीस वर्षं राहुरीच्या आसपास लोकांच्या शेतात फवारणी करत होता. पंपामागं मजुरी ठरलेली. भागिरथी पाणी आणून द्यायची, औषध मापून ओतायची. घरात दोन पंप होते, दोन्ही निळे, एकाच दुकानातले. एक तणनाशकाचा, एक किडीचा. तणनाशकाच्या पंपाच्या पट्ट्याला तिनं आपल्या लाल लुगड्याची चिंधी बांधली होती. तो पंप ती अंगणात टेकवूसुद्धा द्यायची नाही, गोठ्यामागं ठेवायला लावायची. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी त्यात विष राहतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक रंभाजीलाही होतं. पण ध्यानात ठेवायचं काम तिचं होतं.

चेरी सिंगापूरची. लेकीच्या, प्रज्ञाच्या, लग्नाच्या साली तिनं नर्सरीतून आणून लावली. बोराएवढी लाल फळं, साखरेसारखी गोड. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर ती मूठभर ठेवायची. गेल्या दोन महिन्यांपासून फांद्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण बसला होता. पानं चिकट झाली, त्यावर काजळी धरली, आणि बुंध्यावरून मुंग्यांची रांग वर.

"दुनियेची पिकं फवारता," ती रोज म्हणायची, "घरच्या झाडाला एक पंप मारायला तुमाला टाइम न्हाई."

"मारतो की रविवारी," तो म्हणायचा. असे आठ रविवार गेले.

भागिरथीच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला घर माणसांनी भरलं. जो तो सांगत होता, बसल्या जागी गेली, त्रास झाला नाही, भाग्याची. रंभाजीच्या कपाळाची शीर उडत होती. शेवटी तो भागिरथीच्या बहिणीवर, मनकर्णावर, खेकसला, "घरात तिचं म्हणून जे कापड दिसंल ते उचल आणि जामखेडला ने. मला एक चिंधी दिसता कामा नये."

"दाजी, एखादं लुगडं तरी राहू द्या," मनकर्णा म्हणाली.

"एक बी नको."

आणि तोच पुढं झाला. दोरीवरची लुगडी ओढली, उशीचा अभ्रा काढला, गोठ्यामागं जाऊन पंपाच्या पट्ट्याची गाठ दातांनी सोडली. सगळं गाठोड्यात कोंबलं. मग रागातच तो पंप उचलून आणला आणि ओसरीत दुसऱ्याशेजारी आदळला.

माणसं पांगली, प्रज्ञा तेवढी राहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी रंभाजी कुऱ्हाड घेऊन चेरीपुढं उभा राहिला.

"ह्या झाडापायी गेली ती."

प्रज्ञा चुलीपुढून उठली नाही. "तोडा की. आई दोन महिने घासत हुती, तवा तुमाला झाड दिसलं न्हाई. आता बरं दिसलं."

त्यानं कुऱ्हाड टाकली. तसाच राहुरीला गेला, लिंबोळीचं तेल घेऊन आला. फळं पोरं खातात म्हणून जहाल औषध नको, एवढं त्याला कळत होतं. पाण्यात तेल टाकलं, साबण टाकला, ओसरीतला पंप उचलला आणि झाड नखशिखांत धुवून काढलं. पानांच्या खालून, बेचक्यांतून, शेंड्यापर्यंत. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शेंडे पिळवटले. कोवळी पानं दोरीसारखी बारीक होऊन वळली, देठ वाकडे झाले. असली पानं त्यानं आयुष्यभर पाहिली होती, तणांवर. बघताक्षणी ओळखलं, आणि सरळ भिमाजीच्या दारात गेला.

"माझा पंप नेल्ता का तू? तणनाशक भरून?"

भिमाजी दाढी करत होता. "तुझ्या पंपाला मी हात लावीन व्हय? वैनीनं हात तोडला असता माझा."

"मग किडीच्या पंपात तणनाशक आलं कुठून?"

"तू कंचा घेतला?"

"बिनचिंधीचा."

भिमाजीनं वस्तरा खाली ठेवला. "रंभाजी, चिंधी तर गाठोड्यात गेली. तूच सोडली. मी हुतो तिथं."

रंभाजीला तिथंच कुणाला तरी मारावंसं वाटलं. मारण्याजोगं माणूस एकच होतं. तो घरी आला, दोन्ही पंप लाथेनं अंगणात लोटले आणि ओट्यावर बसला.

"आबा, झाड मेलं न्हाई," प्रज्ञा म्हणाली. तिनं नखानं साल खरवडली, आत हिरवं होतं. "वाकडे शेंडे छाटा. पाणी द्या. खत आत्ता देऊ नका. फुटंल न्हाईतर न्हाई फुटायचं."

त्यानं शेंडे छाटले. रोज सकाळी आळ्यात दोन घागरी ओतल्या. बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी आवळून वरून ग्रीस फासलं, तशी पिठ्या वाहून नेणाऱ्या मुंग्यांची रांग खालीच अडली. हे काम अर्ध्या तासाचं होतं. अर्ध्या तासाचं, आणि ती दोन महिने ब्रशनं घासत होती. ग्रीसचा डबा त्यानं भिंतीवर फेकून मारला. तो डाग अजून आहे.

तीन आठवड्यांनी जुन्या फांदीवर चार डोळे फुटले. पानं सरळ होती. पण बेचक्यात पिठ्याही पुन्हा दिसू लागला, परत फवारायला हवं होतं. पंप दोन्ही तसेच पडलेले, एकसारखे निळे. रंभाजी एकालाही हात लावेना.

"नवा पंप आणा, त्याला रंगाचा पट्टा मारा," सासरी परतलेली प्रज्ञा फोनवर म्हणाली.

"रंग नको."

"मग?"

त्यानं फोन ठेवला. ब्रश आणि तांब्या घेऊन तो झाडाखाली जाऊन बसला आणि पिठ्या घासू लागला.

मनकर्णाला त्यानं अजून फोन केलेला नाही. जामखेडला जाऊन चिंधीपुरतं ते लाल लुगडं मागून आणायचं राहिलं आहे.