सात नंबरची आयर्न

गोल्फच्या आयर्नवरचा, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठीवरचा, आकडा जितका मोठा, तितकं तिचं तोंड मागे झुकलेलं. चेंडू उंच चढतो आणि जवळच पडतो. आकडा लहान असला की चेंडू खालून लांब जातो. एवढंच शास्त्र, पण माणसं आकड्यावरून मनगट जोखतात.

दर रविवारी माझे सासरे आणि माझे वडील एकत्र खेळतात. तळ्यापलीकडे चेंडू मारायला दोघांचीही सात नंबरच. हल्ली दोघांचेही चेंडू तळ्यात जायला लागले. पण लहान नंबर काढला, तर व्याह्यांसमोर नाक कापलं जाणार!

"माझे बाबा रविवारी धड जेवत नाहीत. काहीतरी करा ना," बायको म्हणाली.

माझं दुकानच गोल्फच्या काठ्या दुरुस्तीचं. साफ करायच्या निमित्तानं सासऱ्यांची पिशवी आणली, सातचं तोंड थोडं सरळ केलं की चेंडू लांब जाईल, म्हणून तिची मान शिकंज्यात धरली. आधी मापा, मग वाकवा, हा आमचा पहिला नियम. घरचंच काम म्हणून सातचा नेहमीचा झुकाव, चौतीस अंश, न मापताच गृहीत धरला. कट्‌कन मान तुटून हातात आली.

दोन्ही तुकडे सासऱ्यांपुढे ठेवून मी कबुली दिली. ते मात्र खाली बघत म्हणाले, "जावईबापू, पाच वर्षांपूर्वी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मीच ती तुमच्या शिकंज्यात चार अंश वाकवली होती."

दोनदा वाकवलेलं लोखंड तुटणारच. मग त्यांचीच पाच नंबरची घेतली, आकडा घासून सात ठोकला, लांब दांडा सातच्या मापाला इंचभर कापला. कारखानेही कोन कमी करून आकडा तोच ठेवतात, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या मनगटावर खूश होतं. रविवारी चेंडू तळं ओलांडून गेला. सासरे शीळ घालत घरी आले.

सोमवारी वडील दुकानात आले. त्यांनी आपली सात टेबलावर ठेवली. "व्याह्यांचा गेला पार, सातनंच. माझा पुन्हा तळ्यात. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे रे मी. संपलो का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, तर सासऱ्यांची अब्रू जाते. त्यांची काठी शिकंज्यात धरली. या वेळी आधी मापली.

बरोबर चौतीस. आमच्या घरात एकटे वडीलच प्रामाणिक खेळत होते.

"अडतीस झालीय," मी म्हणालो. "वापरून वापरून झुकली. तुमचा काय दोष?"

वडील खुर्चीत ताठ बसले.

"तरीच! कर सरळ," ते म्हणाले. "आणि व्याह्यांचीही माप एकदा. बिचाऱ्यांचीही झुकली असेल, आणि त्यांना पत्ताही नसेल."