बटण एकवरच राहिलं

मी कॅमेऱ्याची लेन्स बोलतेय. मान खाली घालून बोलतेय, कारण एका पोरीची धाव माझ्यामुळे वाया गेली.

माझ्या पोटात काचेचा एक तुकडा अधांतरी असतो. धरणाऱ्याचा हात एकीकडे हलला की तो दुसरीकडे सरकतो, म्हणून फोटो हलत नाही. माझ्या कुशीला एक बटण आहे. ते एकवर असलं की मी सगळंच हलणं अडवते. दोनवर असलं की फक्त वरखाली अडवते, आडवी मोकळी राहते. पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा तर दोनच हवं.

माझा धनी, सगळ्यांचा दादा, मैदानावरच्या शर्यतींचे फोटो काढायचा. धाकटा भाऊ पिशव्या उचलायचा आणि बोलणी खायचा. "अरे, खांबासारखा उभा काय राहतोस, कमरेतून वळ," दादा म्हणायचा.

मग दादा आजारी पडला. हात थरथरायला लागले. खिडकीत बसून तो बायकोचे, लेकीचे फोटो काढायचा. मी एकवर होते. त्याची थरथर मी एकाही फोटोत दिसू दिली नाही. त्याचा मला फार तोरा होता.

दादा गेला. धाकट्याने मला छातीशी धरलं आणि वहिनीला म्हणाला, "पोरीच्या शर्यतीचे फोटो मी काढणार. दादाने तिला शब्द दिला होता."

"जमेल का तुला?"

"जमवतो. पण हिला कुणी हात लावायचा नाही. दादाने ठेवलंय तसंच राहू दे."

बटणही तसंच राहिलं. दोनचं त्याला ठाऊक होतं. मैदानावर त्याचा अंगठा तिथवर गेलाही, पण चटका बसल्यासारखा मागे आला.

पोरगी वळणावरून आली. तो झकास वळला, अगदी दादासारखा. मीच वळू देईना. तो पुढे नेई, मी मागे ओढी. फोटोत पोरीचं नाक दोन जागी, छातीवरचा नंबर बोळा फिरवल्यासारखा.

घरी वहिनीने फोटो पाहिले आणि ती चहाचं आधण ठेवायला गेली. धाकटा म्हणाला, "माझ्या हातातच कला नाही. विकून टाका ही." शिव्या त्याने स्वतःला घातल्या, मला एकही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुतणी बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. "काका, बटण का नाही सरकवलं?"

"तुझ्या बाबांचं बोट शेवटचं तिथं लागलंय."

"त्यांनी माझी वेणीपण घातली होती. वाकडी. ती मी सोडलीच ना? नाहीतर उवा झाल्या असत्या."

तो हसला, आणि मग बराच वेळ पालथ्या हाताने नाक पुसत राहिला.

उद्या तिची अंतिम शर्यत आहे. मी धाकट्याच्या मांडीवर आहे. अंगठा बटणावर आहे, पण सरकत नाही. बाबा रे, सरकव. दादाची थरथर मी पोटात ठेवली आहे, ती बटणात नाही. पोरगी पळेल तिकडे मला जाऊ दे.