तिसरी कॉफी

गुरुवारी दुपार कलता कलता फाटक वाजलं. बेहियानं खिडकीतून पाहिलं, तर धाकटी बहीण नाझा अंगणात उभी. सात वर्षांनी!

आई गेल्यावर तिच्या चाळीसाव्या दिवशी कॉफीच्या पितळी चक्कीवरून दोघींची जुंपली होती. "ठेव तुझ्यापाशीच, आणि पी एकटीच दळून," म्हणत नाझा गेली ती गेलीच. या वसंतात बेहियानं चार निरोप धाडले होते. आज ती आली. आता तिनं दोन घटका बसावं, मनातलं बोलावं, यापलीकडे बेहियाला काही नको होतं.

सून एल्मा चुलीपाशी धावली. ती वाढलेली जर्मनीत, लग्नाला उणेपुरे चार महिने. कॉफी मात्र बेहियानं तिला चोख शिकवली होती. पाणी आधी उकळून बाजूला ठेवायचं. दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात भुकटी कोरडीच जरा परतायची, वास सुटला की पाणी ओतायचं. फेस काठाशी आला की उचलायचं, बसला की पुन्हा ठेवायचं. महागाचं यंत्र नको की काही नको. एक भांडं, चूल आणि धीर. शिकवायचं राहिलं ते एवढंच, की कितवी कॉफी कधी न्यायची. या गावात पहिली 'या' म्हणते, दुसरी 'बोला' म्हणते. तिसरी आली की पाहुण्यानं आपले जोडे शोधावेत.

पाहुणीला एकटीनं प्यायला लावू नये म्हणून बेहियानं आपल्यापुढेही पेला भरून घेतला होता. एल्मा काही बोलणार, तोच तिनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

नाझानं साखरेचा खडा कॉफीत बुडवून दाताखाली धरला.

"कुंपण रंगवलंस."

"मुलानं रंगवलं."

"रंग काही बरा नाही."

"त्यालाही आता तसंच वाटतं."

नाझाच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढ्यात दुसरी कॉफी आली. पहिलीचा गाळ अजून गरम होता. नाझानं भुवई उंचावली, पण प्यायली. मग पेला खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी..."

"मावशी, आणखी एक घ्या, गरमागरम!" एल्मा तबक घेऊन हजर.

नाझाचं वाक्य तिथंच थिजलं. ती उठली.

"कळलं हो. तिसरीसुद्धा आली, तीही घाईघाईनं. आणि तुझा पेला बघ, काठोकाठ! सात वर्षांनी आले, तर माझ्याबरोबर एक घोट जाईना तुझ्या घशाखाली."

"काय झालं? मी काय केलं?" एल्मा रडवेली झाली.

"तू काही नाही केलंस, पोरी. सासूनं शिकवलं तेच केलंस."

"तिला ठाऊक नाही गं इथली रीत," बेहिया म्हणाली.

"तिला नसेल. तुझ्या पेल्याला तरी ठाऊक होती की!"

नाझा उंबऱ्यावर टेकून जोडे चढवू लागली. बेहियाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण ते तिला सांगवेना. सांगितलेलं व्रत निम्मं सांडतं, असं आई म्हणायची. अल्लासाठी धरलेलं तो समजून घेईल, उद्या भरून काढू, असं मनाशी म्हणत तिनं पेला उचलला.

"थांब, नाझा. ही बघ, पिते."

पेला ओठांशी आला. ओठ कोरडे पडलेले, साल निघालेले. नाझा बघत राहिली.

"आज वार कोणता गं, पोरी?"

"गुरुवार."

"आईसारखाच? सोमवार-गुरुवार?"

बेहियाचा पेला ओठांशीच थांबला. एका पायात जोडा, एक पाय मोकळा, अशी लंगडत नाझा आत आली आणि तिनं बहिणीच्या हातातला पेला काढून घेतला.

"वेडी कुठली! माझ्या रुसव्यापायी रोजा मोडणार होतीस? आईनं आपल्या दोघींना लाटण्यानं बडवलं असतं. सूर्य मावळायला किती वेळ आहे?"

"तीन तास," एल्मा पुटपुटली.

"मग तीन तास मी कुठं जात नाही. अजान झाली की दोघी पिऊ. आणि तू, बाई, तोवर त्या चुलीकडं फिरकूसुद्धा नकोस!"

एल्मा रडता रडता हसली.

"चक्की आण, ताई. मीच दळते. तुझ्या हातची जाडीभरडी होते, फेस धरत नाही."

"धरतो की!"

"मघाशी प्यायले ना, दोन पेले!"

नाझानं दुसरा जोडाही काढला, चक्की गुडघ्यांत धरली. बेहियानं बियांच्या बरणीचं झाकण उघडलं. चक्कीची घरघर सुरू झाली आणि तिच्या आवाजाच्या आडोशानं, वर न बघता, नाझा म्हणाली,

"मी काय म्हणत होते, ताई, त्या दिवशी मी..."