एकचा भोंगा वाजला नाही

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. दारव्हा आणि नेरच्या मधल्या एका छोट्या शहरात, नगर परिषदेच्या गच्चीवर माझा मुक्काम असतो. नागपूरच्या कारखान्यात मला घडवलं आणि एसटीच्या टपावर बांधून इथे आणलं. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा बाजारातले बैल बिथरले होते, हे मी अजूनही अभिमानाने सांगतो.

सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला मारोतराव शिपाई खालून बटण दाबतात. शेजारच्या शेतात रोजाने आलेल्या पंचफुलाबाई आणि त्यांच्या सोबतिणी माझ्या पाचच्या आवाजावर काम सोडतात. मग मालकाला ‘अजून वेळ आहे’ म्हणता येत नाही. नगर परिषदेची सभासुद्धा एकच्या भोंग्यावरच जेवायला उठते. त्याआधी कोणी उठायचं नाही, अशी इथली जुनी रीत आहे.

यंदा माझा घसा बसला. दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा की मला भंगारात काढावं, हा विषय सभेपुढे आला. नगरसेवक किसनसिंग यांनी तर वीज वाचावी म्हणून मला सभेच्या आदल्या दिवशीच बंद करायला लावलं. त्या संध्याकाळी पंचफुलाबाई अंधार पडेपर्यंत विळ्याने हरभरा सोंगत होत्या. मला फार वाईट वाटलं. सकाळी कामावर जाताना त्यांनी ते मारोतरावांना सांगितलं आणि मारोतरावांनी नगराध्यक्षा विमलताईंना.

सभेत किसनसिंग म्हणाले, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, भोंगा हवाच कशाला? बऱ्याच माना डोलल्या. निर्णय जेवणानंतर घ्यायचा असं ठरलं. मग नाल्या झाल्या, पथदिवे झाले, बाजारातले ओटे झाले. एक कधीच वाजून गेला. व्हरांड्यातून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. सगळे मोबाईल बघायचे आणि परत खिशात ठेवायचे, पण रीत मोडून उठेना कोणीच. विमलताई शांतपणे पुढचा विषय वाचत राहिल्या.

शेवटी किसनसिंगच कळवळले. “ताई, मोबाईलात अडीच वाजून राह्यले.”

“काल पंचफुलाबाईच्या मालकाच्या मोबाईलातही पाच वाजलेच होते, भाऊ,” विमलताई म्हणाल्या. “पण सुट्टी झाली म्हणून सांगाले कोन होतं?”

किसनसिंग ओशाळून हसले. “दुरुस्ती लिहून घ्या, ताई. अन् मारोतराव, वाजवा न बापा.”

मी वाजलो. त्या दिवशी माझ्या चिरक्या आवाजालाही लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जेवायची घाई असल्यामुळे थोड्याच.

मित्रांनो, सगळ्यांच्या मालकीची एखादी जुनी वस्तू बंद करायची वेळ आली, तर तिची वाट कोण बघतं एवढं आधी विचारा. त्याच संध्याकाळी पाचला मी पुन्हा ओरडलो. पंचफुलाबाईंनी विळा खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि उजेड होता तेवढ्यात त्या घरी निघाल्या.