शुक्रवारी सहाची मोकळी पाळी

मी एक जुनी ओळ आहे. कागदावरची नव्हे, मित्रांनो, कोडमधली. ताम्पेरे नावाच्या थंड शहरातल्या एका पाच मजली इमारतीच्या वेबपानामागे मी राहते. तळघरातल्या सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, कुणी कधी बसायचं, ते या पानावर ठरतं. दर घराला आठवड्यातून एक तास; सौना आपला ठरल्या वेळी आपोआप तापतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या ओइवांनी मला लिहिलं. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्यावर कोड शिकले. माझं काम शोधायचं. मला एक खूण सांगायची, मी पानाच्या वरच्या टोकापासून निघते आणि ती खूण असलेली पहिली वस्तू धरून आणते. मग पुढे काय आहे ते मी बघत नाही. माझी खूण होती एक टिंब आणि पुढे 'वापा', म्हणजे तिथल्या भाषेत मोकळी. टिंबाची खूण कितीही जणांना लावता येते. मला मोकळी पाळी सापडली की ती पानावर मोठ्या हिरव्या अक्षरांत झळके. खालची सगळ्या पाळ्यांची बारीक यादी वाचायला कुणाला वेळ आहे! आज काय हाती लागेल, याची मला रोज उत्सुकता असे.

ओइवा म्हणत, "अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही पोरगी!" मी फुगून जाई.

पहिल्या मजल्यावरच्या हेल्मीबाईंची पाळी शुक्रवारी सहाची, एकेचाळीस वर्षं. हिवाळ्यात खुबा मोडला, तेव्हा त्यांनी ती सोडली. वसंतात चालू लागल्या, तशी रोज पान उघडू लागल्या. पान रोज सांगे, "मोकळी पाळी नाही." तीन आठवडे हेच. खरं सांगते, ते माझ्यामुळे होत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

शेवटी त्या काठी टेकत ओइवांकडे आल्या. पानाची देखभाल करणारी वेन्ला तिथेच कॉफी पीत होती.

"ओइवा, खरं सांगा. माझ्यावर कुणाचा राग आहे का?"

"तुमच्यावर? कुणाची हिंमत आहे?"

"मग मला जागा का नाही? शुक्रवारी कपडे धुवायला खाली गेले, तर सौना तापलेला, आणि बाहेर चपलांचा एक जोड नाही!"

"मग बसायचं की आत."

"दुसऱ्याच्या पाळीत? शोभतं का हे बोलणं?"

वेन्लानं घाईघाईनं पान उघडलं. खाली यादीत शुक्रवार सहा मोकळीच होती! तिनं मला तपासलं आणि कपाळाला हात लावला. "ही ओळ यादीपर्यंत जातच नाही. म्हातारी झाली. काढून टाकू या."

मी हादरले. माझी चूक तरी काय?

"थांब," ओइवा म्हणाले. "यादीच्या वर हा हिरवा चौकोन कसला?"

"रंगांचा नमुना. हिरवा म्हणजे मोकळी, लोकांना कळावं म्हणून."

"आणि त्यालाही वापाची खूण! ती बिचारी पहिलाच धरून आणते. त्यावर ना वार, ना वेळ, म्हणून पान नाही म्हणतं. नमुना टाकला कुणी?"

"मी," वेन्ला पुटपुटली.

हेल्मीबाईंचं लक्ष मात्र यादीकडेच होतं. "माझी पाळी कुणी घेतलीच नाही?"

"तुमची ती. कोण घेणार?" ओइवा म्हणाले. "सगळ्यांनी सोडून ठेवली होती."

"मग एकानं तरी सांगायचं!"

"वाटलं, पान सांगेल."

काय म्हणावं या माणसांना! तीन शुक्रवार सौना रिकामा तापला, आणि हेल्मीबाई वर घरात एकट्या बसून राहिल्या.

वेन्लानं माझ्या शोधाचा पत्ता पुरा केला. आधी हॅश, म्हणजे # हे चिन्ह, आणि यादीचं नाव. हॅशची खूण पानावर एकाचीच असते. मग थोडी कोरी जागा आणि माझी जुनी टिंब-वापाची खूण. म्हणजे आता यादीच्या आतच शोधायचं.

मित्रांनो, कुणाला शोधायला पाठवाल तर पत्ता अर्धा देऊ नका. आणि कुणासाठी जागा राखली असेल, तर स्वतः जाऊन सांगा. ते काम ओळीवर सोपवू नका.

त्या शुक्रवारी मी यादी वरपासून खालपर्यंत धुंडाळली. सहाच्या पुढे हेल्मीबाईंचं नाव होतं, मोकळी पाळी एकही नव्हती. रिकाम्या हातांनी परतताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.