दर घरातून एक

बासष्ट साली चीनशी लढाई पेटली, त्या थंडीत इद्रिस पिंजारी तापीकाठच्या एका गावात रजया भरायला आला. जसोदाबाईच्या ओट्यावर त्याची कापूस पिंजायची धुनकी टणटणत होती. तापीबाई घरचा कापूस घेऊन तिथंच बसली होती.

"नंदुरबारमें सुना," इद्रिस म्हणाला, "सरकार अब हर घरसे एक जवान लेगी. मर्जी हो या ना हो."

"लेवालेच जोयजे!" जसोदाबाईचा लोटन म्हणाला. "पाटीलना पोऱ्या आन मी, दोन्हीसले संगे."

"जाय, पाटीलले सांगी दे पहिले," कुणीतरी म्हणालं आणि ओटा हसला.

हिलाल आबा हसले नाहीत. ते ब्रह्मदेशात लढून आले होते. "दोर बांधीसन बैल नांगरले चालस," ते म्हणाले. "मानूस बंदूकना म्होरे तसा चालस नही. मर्जीथून येल दहा बरा."

"पन आबा, मर्जीथून गरिबनाच पोरे जातस. शेठसनी मर्जी कधी व्हई?" लोटन म्हणाला.

वाद वाढतच गेला. तापीबाईला त्यातलं एवढंच ऐकू आलं होतं, की दर घरातून एक. तिच्या घरात एकच होता, तिचा मुलगा मगन. तो रांगत होता तेव्हा त्याचा बाप गेला, आणि तेव्हापासून घरात दोघंच.

कापूस तसाच टाकून ती उठली. घरी जाईपर्यंत तिला वाट सुचली होती. दोन वर्षांपूर्वी राज्यं वेगळी झाली, तेव्हा निझरकडचं तिचं माहेर गुजरातेत गेलं होतं. म्हणजे तिकडचं सरकार दुसरं. इकडच्या सरकारचा माणूस तिकडे कसा येईल?

"मामाकडे जाय," तिनं मगनला सांगितलं. "तठे आपली सरकार नही."

"लोके हासतीन, माय. लोटन लढाले जाई आन मी लपी बसू?"

"हासू दे." तिनं त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला, शपथ घातली. "तुले मन्ही आन शे."

मगननं हात काढून घेतला. सकाळी निझरकडे निघालेल्या एका गाडीत तो पाठ फिरवून बसला.

जवान न्यायला गावात कुणीच आलं नाही. महिन्याभरात लढाई थांबली. लोटन आपण होऊन धुळ्याला गेला आणि भरती झाला. तापीबाईनं भावाला निरोप धाडला, पोराला पाठव. भावाचा उलटा निरोप आला, ऊस तोडून होऊ दे. ऊस झाला, मग केळी लागली. भावाला एकच मुलगी होती, मुलगा नव्हता. मामाची मुलगी, त्यात वावगं काय, म्हणून उन्हाळ्यात लग्न लागलं. तापीबाईनं स्वतःच्या हातानं अक्षता टाकल्या. जावई तिथंच राहणार, हे तिला कुणी वेगळं सांगितलं नाही. येताना गाडीत ती एकटीच होती. पुढे शेत तिनं वाट्यानं दिलं. मगन एक-दोन दिवाळ्यांना आला, नंतर तेही राहिलं.

पासष्टची लढाई झाली, त्यानंतर लोटन सुट्टीवर आला. अंगानं भरला होता, मिशी राखली होती. तापीबाई बघायला गेली, तर तो पाया पडला. "काकू, मगन काय म्हनस? लपी बठेलच शे का अजून?" सगळे हसले. तीही हसली.

ओट्याच्या कडेला हिलाल आबा बसले होते. तिनं हळूच त्यांना विचारलं, "आबा, त्या टाईमले गुजरातनी सरकारनी पोरे का नही लिधी?"

"गुजरातनी?" आबांनी तिच्याकडे पाहिलं. "वो तापी, राज्य दोन व्हयनात, फौज एकच शे. लेवानं ऱ्हातं तर निझरथूनबी लेता."

तिनं लोटनकडे पाहिलं.

"फौजमा सुट्टी दर साल भेटस?"

"भेटस. दोन महिना."

"जबरीथून लई जातस, त्यासलेबी?"

"आपला देशमा तसं नही, तापी. पन व्हतं तर त्यासलेबी भेटती. घर कोनले नको?"

"बरं," ती म्हणाली.

अंधार पडायला लागला होता. आतून जसोदाबाईनं हाक मारली, "तापी, आज आठेच जेव. लोटनसाठे पुरनपोळी करेल शे."

"नको वो माय." तापीबाई लुगड्याचा पदर सावरत उठली. "घर जाऊ दे. मगन वाट देखत व्हई."

जसोदाबाई दारात आली, आणि तापीबाईच्या बंद, दिवा नसलेल्या घराकडे बघत उभी राहिली.